विधवेची गच्ची

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



माझ्या अगोदर पाण्याविषयी आणि सोसायटीच्या कर्जाविषयी बोलणे झाले. ते महत्त्वाचे होते. मी मात्र तुम्हांला सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील घरांच्या छपरावर चढविणार आहे. हसू नका. ज्याने जोंधळ्याच्या माळ्यावर बसून गोफण फिरविली आहे, त्याला उंच जागेवरून नजर ठेवणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

गोष्ट अशी झाली. माझा एक भाचा नोकरीनिमित्त तिकडे आहे. त्याने एका घराचा फोटो पाठविला. दुमजली लाकडी घर, उतरते छप्पर, आणि अगदी आढ्यावर, धुराड्याला लागून, चारी बाजूंनी कठडा घातलेली एक लहानशी गच्ची. खाली त्याने लिहिले होते की, याला इंग्रजीत ‘विडोज वॉक’ म्हणतात, म्हणजे विधवेची येरझार घालण्याची जागा. माझी आत्या शेजारी बसली होती. तिने फोटो निरखून पाहिला आणि विचारले, “काय रे, तिकडे नवरा मेला म्हणजे बाईला छपरावर चढवून बसवितात काय?”

मी म्हटले, “आत्या, तसे नव्हे.” पण मग कसे, हे मला सांगता येईना. तेव्हापासून मी या गच्चीच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम तिकडे लोक जी गोष्ट सांगतात ती ऐका. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला न्यू इंग्लंड म्हणतात. तेथील दर्यावर्दी नवरे वर्षानुवर्षे समुद्रावर जात. त्यांच्या बायका रोज सायंकाळी छपरावर चढत, डोळ्यांवर हात धरून क्षितिजाकडे पाहत, आणि जहाज येत नाही असे पाहून पुन्हा खाली उतरत. कित्येकांची जहाजे बुडालेली असत, पण बायांना ते ठाऊक नसे. त्या म्हाताऱ्या होईपर्यंत तेथेच येरझारा घालीत राहिल्या, आणि मेल्यावरही काहींची भुते चांदण्या रात्री त्या कठड्याशी उभी दिसतात. किनाऱ्यावरच्या गावोगावी अशा गोष्टी आहेत आणि पाहुण्यांना त्या मोठ्या हौसेने सांगितल्या जातात.

गोष्ट गोड आहे यात शंका नाही. परंतु आपण बाजारात बैल घेतो तेव्हा विकणारा कितीही गोड बोलला तरी त्या जनावराचे दात पाहिल्याशिवाय पैसे मोजीत नाही. तसेच या गोष्टीचे दात पाहू.

या गच्च्या जेथे पुष्कळ आहेत असे एक बेट आहे, त्याचे नाव नॅन्टकेट. मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या मुख्य भूमीपासून सुमारे तीस मैल समुद्रात. जमीन रेताड, पीक बेताचे. म्हणून अठराव्या शतकापासून तेथील लोकांनी देवमाशाच्या शिकारीचा धंदा धरला. देवमाशाच्या चरबीचे तेल काढीत. त्या काळी रॉकेल नव्हते, आणि बोस्टनपासून लंडनपर्यंत दिवे या तेलावर जळत. जवळचे मासे संपले तशी जहाजे दूर जाऊ लागली, पुढे तर दक्षिण अमेरिकेला वळसा घालून थेट पॅसिफिक महासागरात. एकेक सफर तीन तीन, चार चार वर्षांची होऊ लागली. एवढे सर्व खरे आहे. नवरे खरोखरच जात आणि बायका खरोखरच मागे राहत.

पण गच्ची कशासाठी बांधली? येथे सुतार व गवंडी मंडळींनी कान द्यावा. ही घरे लाकडाची. भिंती लाकडाच्या, आणि छपरावर कौलांच्या जागी सिडार नावाच्या लाकडाच्या पातळ चिपा, एकावर एक चढवून ठोकलेल्या. मध्ये विटांचे मोठे धुराडे, कारण तेथे हिवाळा कडक आणि घरात रात्रंदिवस विस्तव. लाकडे जाळली म्हणजे धुराड्याच्या आतून काजळीचा चिकट थर बसतो. तो थर वाढला आणि एखाद्या दिवशी खालचा जाळ मोठा झाला की काजळीच पेट घेते. धुराडे भट्टीसारखे धडधडते, वरून ठिणग्या उडतात, आणि त्या पडतात कशावर, तर वाळलेल्या लाकडी चिपांवर! समुद्राचा वारा तर चोवीस तास वाहतच असतो. एक घर पेटले म्हणजे आळी पेटली.

यावर उपाय एकच. कोणीतरी तात्काळ छपरावर जाऊन धुराड्याच्या तोंडातून वाळू किंवा पाणी ओतावयाचे. पण बर्फ पडलेल्या निसरड्या उतरत्या छपरावर माणूस उभा कसा राहील? म्हणून माळ्यावरून शिडी, शिडीच्या वर छपरात एक झडप, झडपेबाहेर धुराड्यालगत सपाट फळ्यांची गच्ची, आणि माणूस घसरून पडू नये म्हणून कठडा. बादल्या जवळ ठेवलेल्या. आपल्याकडे गंजीजवळ पाण्याचा पिंप भरून ठेवतात त्यातलाच हा प्रकार. नॅन्टकेटची माणसे तिला ‘विधवेची गच्ची’ म्हणतही नसत. ती नुसते ‘वॉक’ म्हणत, म्हणजे चालण्याची जागा. आगीची भीती काही मनाची नव्हती. १३ जुलै १८४६ च्या रात्री मुख्य रस्त्यावरील एका टोप्यांच्या दुकानातून आग निघाली आणि सकाळपर्यंत गावाचा सुमारे तृतीयांश भाग, अडीचशेहून अधिक इमारती, राख झाल्या. तेलाची कोठारे धक्क्यावरच होती. जळते तेल बंदराच्या पाण्यावर पसरले. अशा गावात छपरावर चढण्याची वाट ठेवणाऱ्याला वेडा कोण म्हणेल?

आता कोणी म्हणेल, जागा उंच होती, तेव्हा तेथून समुद्र पाहतच असतील. अवश्य पाहत. जहाजाचे मालक आणि तेलाचे व्यापारी दुर्बिणी घेऊन पाहत, कारण प्रत्येक गलबतात त्यांचा पैसा अडकलेला असे. बायकाही पाहत असतील, माणसाचे मन आहे. मी एवढेच म्हणतो की, ती गच्ची त्यासाठी बांधलेली नव्हती. याला आणखी एक पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत इटालियन धर्तीच्या घरांची टूम निघाली आणि छपरावर काचांची चौकोनी घुमटी बांधणे प्रतिष्ठेचे झाले. उन्हाळ्यात तिच्या खिडक्या उघडल्या की घरातली गरम हवा वर निघून जाई. अशी घरे आयोवा, ओहायो वगैरे प्रांतांतही आहेत, जेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तेथील विधवा कोणत्या जहाजाची वाट पाहत होती? मक्याच्या शेताची?

असो. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. ही गच्ची कोणाच्या घरावर होती? मोठे दुमजली घर, विटांचे धुराडे, वर सुताराकडून घडवून घेतलेला कठडा, हे काम ज्याच्या गाठीला पैसा त्याचे: कप्तानाचे, मालकाचे, व्यापाऱ्याचे. जहाजावर वल्हे मारणाऱ्या साध्या खलाशाच्या बायकोच्या वाट्याला भाड्याची खोली येई.

या धंद्यात पगार नसे, हिस्सा असे. तेल विकून जे येईल त्यात आपले कोळी बांधव जसे वाटे घालतात, तसे वाटे. पण ते कसे? कप्तानाला सुमारे पंधरावा हिस्सा, तर नव्या खलाशाला दीडशेवा किंवा दोनशेवा. शिवाय सफरीत त्याने जहाजाच्या पेटीतून घेतलेला सदरा, बूट, तंबाखू, सर्व चढ्या भावाने त्याच्या खात्यावर मांडले जाई. चार वर्षांनी परत आल्यावर हिशेबाची वही उघडली की कित्येकांच्या नावे चार पैसे निघत, आणि कित्येक उलट देणेकरीच ठरत. ही वही कशी असते हे मी तुम्हांला सांगावयाला नको. सावकाराचा धर्म वेगळा, देश वेगळा, पण वहीची भाषा एकच. गोष्टीतली विधवा छपरावर उभी राहून समुद्राकडे पाहते. खरी विधवा त्या वहीकडे पाहत होती.

‘एसेक्स’ नावाचे जहाज १८१९ साली नॅन्टकेटहून निघाले. २० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिक महासागरात एका प्रचंड देवमाशाने त्याला धडक देऊन ते फोडले. वीस माणसे तीन लहान होड्यांत बसून महिनोन्महिने भरकटली. भुकेने त्यांची काय दशा झाली, मेलेल्या सोबत्यांचे मांस खाण्याची पाळी त्यांच्यावर कशी आली, ते येथे मुलांसमोर विस्ताराने सांगत नाही. आठ जण वाचले. या जहाजावर काही कृष्णवर्णी खलाशी होते. त्यांच्यापैकी एकही परत आला नाही. आता सांगा, किनाऱ्यावरच्या इतक्या भुतांच्या गोष्टींत त्या कृष्णवर्णी खलाश्यांच्या बायकांचे भूत कोठे दिसते? मेल्यावरसुद्धा गच्ची लागते, आणि ती त्यांच्याजवळ नव्हती.

मग मागे राहिलेल्या बायका करीत काय होत्या? बंधूंनो, त्या धंदा करीत होत्या. नॅन्टकेटच्या सेंटर स्ट्रीट या रस्त्यावर इतकी दुकाने बायकांची होती की, त्या भागाला लोक ‘पेटिकोट रो’ म्हणत. आपल्या भाषेत परकर आळी म्हणा. नावात थोडी थट्टा आहे, पण गल्ल्यात पैसा त्यांचा होता. नवरा चार वर्षे नाही म्हटल्यावर मुलांना खायला कोण घालणार, भाडेकऱ्याकडून भाडे कोण वसूल करणार, कापडाचा भाव कोण ठरविणार? बेटावर क्वेकर पंथाची वस्ती मोठी होती, आणि त्या पंथात प्रार्थनासभेत स्त्रियांनी उठून बोलण्यास मोकळीक होती. ज्या बाईला सभेत तोंड उघडता येते तिला दुकानातही उघडता येते.

पुढे अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेली ल्युक्रेशिया मॉट ही याच बेटावर १७९३ साली जन्मली. तिचा बाप कप्तान होता. १८०० च्या सुमारास त्याचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर स्पॅनिश लोकांनी पकडून ठेविले. वर्षे गेली, पत्र नाही, निरोप नाही. घरच्यांनी तो मेला असेच धरले. गोष्टीत शोभावी अशी ही बाई, तिने काय केले? तिने दुकान चालविले. बेटावरचे तेल आणि मेणबत्त्या घेऊन बोस्टनला जावे, तेथून कापड व किराणा घेऊन यावे, आणि मोठ्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी टाकावी, असा तिचा क्रम होता. नवरा सुमारे तीन वर्षांनी जिवंत परत आला. तो आला तेव्हा घर चालू होते. ते दृश्य ल्युक्रेशियाने लहानपणी पाहिले, आणि बायकांना कारभार जमत नाही असे पुढे कोणी म्हटले तर तिला ते पटणे शक्यच नव्हते.

याच लोकांत दुसरीही एक लोककथा होती, पण ती पाहुण्यांना कोणी सांगत नाही. एलिझा ब्रॉक नावाची कप्तानाची बायको १८५३ ते १८५६ पर्यंत नवऱ्याबरोबर ‘लेक्सिंग्टन’ जहाजावर होती. तिच्या रोजनिशीत एक गाणे उतरलेले आहे. त्याचा आशय असा की, दर्यावर्दी नवरा करावा हेच बरे, कारण तो दूर असतो आणि बाई आपल्या मनाची मालकीण राहते! हे सर्व बायकांचे मत होते असे मी म्हणत नाही. विरह होताच, आणि तो मोठा होता. पण बायकांनी बायकांसाठी लिहून ठेवलेल्या गाण्यात थट्टा आहे, आणि परक्यांनी रचलेल्या गोष्टीत नुसते रडणे आहे, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्याकडेही पाहा. नाटकातली विधवा कोपऱ्यात बसून डोळे पुसते. तुमच्या माझ्या घरची विधवा तेरावा झाला की खुरपे घेऊन रानात जाते, कारण तण तिच्या दुःखासाठी थांबत नाही. तिच्यावर कोणी नाटक लिहीत नाही.

आता त्या गच्चीवर खरोखर चढलेल्या एका मुलीविषयी सांगतो, आणि तेवढ्यासाठीच मी हा सारा खटाटोप केला आहे.

तिचे नाव मराया मिचेल. जन्म १८१८, नॅन्टकेट. दहा भावंडांपैकी एक. बाप विल्यम मिचेल हा शिक्षक, पुढे बँकेचा खजिनदार झाला, पण त्याचा खरा जीव आकाशात. त्याने मुलगा मुलगी असा भेद न करता मरायाला ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यास शिकविले. वेस्टल स्ट्रीटवर त्यांचे घर अजून उभे आहे, आणि त्याच्या छपरावर गच्ची आहे. १८३१ साली सूर्यग्रहण झाले तेव्हा बारा वर्षांची मराया बापाशेजारी बसून घड्याळाचे सेकंद मोजीत होती.

हे घड्याळ म्हणजे काय ते समजून घ्या. भर समुद्रात आपले जहाज पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहे हे कप्तानाला काढावयाचे असेल, तर त्याच्याजवळ अचूक वेळ दाखविणारे घड्याळ लागते. ते चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते. चार वर्षांच्या सफरीत रोज थोडे थोडे चुकत गेले तर जहाज खडकावर आपटेल. म्हणून निघण्यापूर्वी ताऱ्यांच्या वेधांशी ताडून घड्याळ रोज किती पुढे वा मागे जाते ते ठरवून घ्यावे लागे. हे काम मिचेल बापलेक करीत. मराया किशोरवयाची असतानाच दर्यावर्दी कप्तान आपली घड्याळे तिच्या स्वाधीन करू लागले होते. म्हणजे पाहा, गोष्टीतली बाई जहाज परत यावे म्हणून छपरावर रडते. ही मुलगी जहाज परत यावे म्हणून त्याचे घड्याळ लावून देत होती.

१८३५ साली तिने शाळा काढली आणि तीत कृष्णवर्णी मुलांना घेतले, जेव्हा गावच्या सार्वजनिक शाळांत त्यांना वेगळे बसविले जात होते. पुढल्या वर्षी ती गावच्या ग्रंथालयात ग्रंथपाल झाली. दिवसा पुस्तके सांभाळावी, वाचावी, आणि रात्री छपरावर जावे. तोपर्यंत कुटुंब बँकेच्या इमारतीत राहावयास गेले होते आणि तिच्या छपरावर वेध घेण्याची सोय बापाने केली होती. १ ऑक्टोबर १८४७ ची रात्र. घरी पाहुणे आले होते, हसणे बोलणे चालले होते. मराया हळूच उठली आणि नेहमीप्रमाणे वर गेली. लहानशी दुर्बीण. ध्रुवताऱ्याच्या थोडे वर तिला एक अंधूक ठिपका दिसला, जो तेथे असावयास नको होता. तिने खाली येऊन बापाला सांगितले. बाप वर आला, त्याने पाहिले आणि खात्री पटली: नवा धूमकेतू.

दुर्बिणीने नवा धूमकेतू प्रथम शोधणाऱ्यास सुवर्णपदक देण्याचे डेन्मार्कच्या राजाने १८३१ साली जाहीर केले होते. रोममधील एका पाद्री ज्योतिर्विदाने तोच धूमकेतू ३ ऑक्टोबरला, म्हणजे दोन दिवसांनी पाहिला, पण त्याचे पत्र आधी पोहोचले. वाद झाला, कागद तपासले गेले, आणि पदक मरायाला मिळाले. १८४८ मध्ये अमेरिकेच्या कला व विज्ञान अकादमीने तिला सभासद केले. त्या संस्थेतील ती पहिली स्त्री. १८६५ साली वासर कॉलेजात ती ज्योतिषशास्त्राची प्राध्यापक झाली. तेथे आपल्याहून तरुण पुरुष प्राध्यापकांना अधिक पगार मिळतो हे कळताच तिने मुकाट्याने सोसले नाही, भांडून वाढवून घेतला. १८८९ साली ती वारली.

मग तिच्या नावाने गच्ची का ओळखली जात नाही? याचे उत्तर धंद्याच्या मोडण्यात आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा, १८४६ ची आग, १८४९ ची कॅलिफोर्नियातील सोन्याची धावपळ, आणि १८५९ साली पेनसिल्व्हेनियात निघालेले खनिज तेल, या सर्वांनी मिळून नॅन्टकेटचा धंदा बुडविला. १८६९ मध्ये शेवटचे शिकारी जहाज बेटावरून गेले. १८४० साली नऊ हजारांवर असलेली वस्ती १८७० मध्ये चार हजारांच्या आसपास उरली. कितीतरी कुटुंबे पोट भरावयास मुख्य भूमीवर गेली, आणि घरे रिकामी पडली. मग शहरांतील सधन लोक उन्हाळ्यात हवा खावयास येऊ लागले. त्यांना वर गच्च्या दिसल्या. काजळी, बादली, वाळू हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगितले तरी ते ऐकावयास कोणी आगबोटीचे भाडे भरून येतो काय? ‘विडोज वॉक’ हे नाव छापील कागदांत रूढ झाले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे ज्यांची वाट पाहावी असे खलाशी त्या बंदरातून केव्हाच नाहीसे झाले होते तेव्हा. आज तेथे नवी घरे बांधतानाही शोभेसाठी तशी गच्ची घालतात, आणि खाली चुलीऐवजी गॅस असतो.

हे सर्व मी आत्याला सांगितले. तिने सगळे ऐकून एकच विचारले, “त्या धुराड्यात वाळू ओतायला वर कोण चढत असे, नवरा तर घरी नाही?” मी निरुत्तर झालो. इतके वाचले, पण हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. नवरा चार वर्षे समुद्रावर, आणि काजळी पेटली तर शिडी चढून बादली घेऊन छपरावर उभी राहणारी दुसरी कोण असणार? आत्या म्हणाली, “मग बाई वर होतीच की. फक्त तिच्या हातात काय होते ते त्या लोकांनी पुसून टाकले.”

फोटो मी येथे टेबलावर ठेवला आहे. सुतार मंडळींनी जाताना तो अवश्य पाहावा. कठड्याचे खांब उतरत्या छपरातून खाली वाशांवर कसे टेकविले असतील, आणि त्या भोकांतून पावसाचे पाणी आत कसे येत नसेल, हे मला अजून समजलेले नाही. कोणी समजावून सांगेल तर उपकार होतील.